रोपे मोजलीत, आता आया मोजा

प्रति,
औषधी ऑर्किडांची रोपे तयार करणाऱ्या टिश्यू कल्चर प्रयोगशाळा आणि त्यांच्या पुनर्रोपण योजनांना मंजुरी देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या योजनांचे अहवाल मी बरीच वर्षे वाचते आहे. काहींवर अभिप्राय द्यायचे कामही माझ्याकडे आले. जवळपास प्रत्येक अहवालात एक आकडा ठळक छापलेला असतो: इतकी हजार रोपे तयार केली, त्यातली इतकी रानात लावली, इतकी जगली. शेजारी बाटल्यांच्या रांगांचा फोटो, हिरवी पाती काचेला टेकलेली. तो फोटो बघून बरे वाटते, मलाही वाटते. पण त्या आकड्याच्या जोडीला जो दुसरा आकडा हवा, तो क्वचितच सापडतो. ही रोपे किती आयांची, म्हणजे किती वेगवेगळ्या झाडांच्या बियांची?

एका प्रयोगशाळेत हा प्रश्न मी समोरासमोर विचारला होता. उत्तर आले, "मॅडम, ती जुन्या रॅकवरची लाइन आहे. आधीच्या एका स्टुडंटने आणली होती." कुठून आणली, किती झाडांवरून आणली, हे ज्या वहीत होते ती वही त्या विद्यार्थ्याबरोबर गेली होती. तिथे कोणी कामचुकार नव्हते. बाटल्या स्वच्छ होत्या, रोपे टवटवीत होती, जगण्याचे प्रमाण हेवा वाटावा असे होते. फक्त ती हजारो रोपे एका बोंडातून, म्हणजे बियांनी भरलेल्या एका फळातून आली की वीस बोंडांतून, हे सांगायला आता डीएनए तपासणीच करावी लागली असती आणि त्यासाठी योजनेत पैसा धरलेला नव्हता.

इतर झाडांपेक्षा ऑर्किडाच्या, म्हणजे आपल्या आमरीच्या बाबतीत हा प्रश्न जास्त टोचतो. त्याचे कारण फुलातच आहे. बहुतेक फुलांचे पराग सुटे असतात. थोडे इकडून, थोडे तिकडून येतात आणि एकाच फळात वेगवेगळ्या बापांच्या बिया तयार होऊ शकतात. ऑर्किडाचे पराग एकत्र चिकटून त्यांचा पुंज होतो. तो पुंज कीटकाच्या डोक्याला नाहीतर पाठीला डकवला जातो आणि एकगठ्ठा दुसऱ्या फुलावर पोचतो. एवढ्या एका भेटीत सगळे बोंड भरते. म्हणजे त्या बोंडातल्या हजारो, काही जातींत लाखो बिया बहुतेक वेळा एका आईच्या आणि एकाच बापाच्या असतात. सगळी सख्खी भावंडे. गुणसूत्रांचे दोनच संच असलेल्या जातीत तुम्ही त्या बोंडातल्या पन्नास बिया रुजवा की पन्नास हजार, कुठल्याही एका जनुकाची चारपेक्षा जास्त रूपे त्यात असूच शकत नाहीत. दोन आईकडची, दोन बापाकडची. पाचवे कुठून येणार?

आणि हे एका बोंडावर भागवण्याचे कारण मला ठाऊक आहे. मीही तेच केले आहे. न फुटलेले हिरवे बोंड बाहेरून निर्जंतुक केले की आतल्या बिया आपोआप निर्जंतुकच असतात. एक बोंड कापले की शेकडो बाटल्या पेरता येतात. दुसरे बोंड म्हणजे पुन्हा संसर्गाची धास्ती, पुन्हा लेबले, पुन्हा रॅकवर वेगळी जागा. काम करणाऱ्याच्या सोयीने पाहिले तर एक बोंड पुरते. त्यातही पुढे चाळणी लागतेच. साखरेच्या माध्यमावर जी रोपे झपाट्याने वाढतात त्यांच्या बाटल्या वाढत जातात. संथ बाटली दोन-तीन वेळा बदलून पाहिली जाते आणि मग फेकली जाते. काचेत चपळ असणे आणि खडकावर तग धरणे या दोन गोष्टी एकच आहेत असे कोणी सिद्ध केलेले नाही, पण आपली निवड रोज त्याच समजुतीवर चालू असते.

रोपवाटिकेत फुललेल्या झाडाला जोडीदार मिळाला नाही की त्याचेच पराग त्याच्यावर घातले जातात. त्याचा हिशेब लोकसंख्या-जनुकशास्त्राच्या पहिल्या धड्यातला आहे. एका झाडाच्या स्वपरागणातून पुढची पिढी आली तर सरासरीने निम्मी विषमयुग्मकता, म्हणजे एकाच झाडात एका जनुकाची दोन वेगळी रूपे असणे, एका फटक्यात जाते. परस्परांशी नाते नसलेल्या दोन झाडांच्या संततीवर पुढचा सगळा समूह उभा राहिला तर पाव भाग जातो. दहा झाडांची सारख्या प्रमाणात संतती घेतली तर पाच टक्के, पन्नास झाडांची घेतली तर एक टक्का. दोनवरून दहावर जायला लागणारा खर्च म्हणजे आठ जास्तीची झाडे शोधण्याची पायपीट. एवढ्या स्वस्तात एवढे पदरात पडणारे दुसरे काम या क्षेत्रात मला माहीत नाही.

आता क्लोनविषयी, म्हणजे एकाच रोपाच्या कोंबापासून केलेल्या प्रतींविषयी. आपण वापरतो ती साधने आली कुठून हे जरा आठवू. ऑर्किडाच्या बीला भ्रूणपोष, म्हणजे अंकुराला पोसणारा साठा, नसतो. बुरशीने भरवल्याशिवाय ते रानात रुजत नाही, हे नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये फ्रान्समध्ये ओळखले. १९२२ मध्ये लुईस नुडसन यांनी बुरशीच्या जागी साखर घालून बी बाटलीत रुजवून दाखवले. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी सिंबिडियम या ऑर्किडाच्या कोंबाच्या टोकापासून हुबेहूब रोपे करण्याची वाट उघडली. या वाटेवरून पुढे मोठा झाला तो फुलांचा व्यापार. त्याला हवी होती एकसारखी दांडी, एकसारखा रंग, एकाच आठवड्यात उमलणाऱ्या हजार कुंड्या. त्याच्यासाठी एकसारखेपणा हाच माल होता. आपण त्याच्याकडून हत्यार उसने घेतले आणि नकळत त्याचा हेतूही घरी आणला. रानात परत लावायच्या रोपांचा हेतू बरोबर उलटा आहे.

याचा परिणाम बघायला शंभर वर्षे थांबावे लागत नाही. डेंड्रोबियम या ऑर्किडांच्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागांना दाद देत नाहीत. एकाच रोपाच्या पाचशे प्रती एका उतारावर लावल्या तर त्या परागणाच्या दृष्टीने पाचशे ठिकाणी उभे असलेले एकच झाड ठरतात. मधमाशी या फुलावरून त्या फुलावर कितीही फिरली तरी बोंड धरणार नाही किंवा अगदी थोडे धरेल. अहवालात मात्र 'पाचशेपैकी चारशे जगली, फुलांवर आली' असे लिहिले जाईल आणि ते खरेच असेल. फुलली. फळली नाहीत. योजनेची मुदत साधारण याच्याच आधी संपते.

मी औषधी ऑर्किडांपुरतेच बोलते आहे, कारण त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी ओढ आहे. एक म्हणजे त्यांचा वापरायचा भाग बहुधा जमिनीखालचा किंवा अख्खे खोडच असते; पान तोडून झाड मागे ठेवण्याची सोय नाही. सालमपंजाचेच घ्या. हिमालयाच्या उंच कुरणांतल्या या रोपाखाली दोन कंद असतात: एक गेल्या वर्षीचा, सुरकुतलेला, दुसरा नवा, टणक, पुढच्या वर्षीचे रोप ज्यातून येणार तो. भाव असतो तो नव्याला. म्हणजे काढणारा नेमके पुढचे वर्ष उचलून नेतो. त्यातही मोठा पंजा ज्याच्याखाली असतो तेच उंच, भरपूर फुलणारे रोप आधी डोळ्यांत भरते, म्हणून समूहातली सर्वांत जास्त बी देणारी रोपे पहिल्यांदा जातात. पश्चिम आशियातल्या सालेपची, म्हणजे ऑर्किडांच्या कंदांच्या भुकटीची गोष्टही तीच. एक किलो भुकटीसाठी साधारण हजार ते चार हजार कंद लागतात. कंदांची ही संख्या म्हणजे तितकीच मेलेली रोपे, हे वेगळे सांगायला नको.

ही टंचाई आजची नाही. आयुर्वेदातल्या अष्टवर्गातल्या, म्हणजे आठ औषधींच्या गटातल्या जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती आज अभ्यासक ऑर्किड म्हणून ओळखतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात अष्टवर्ग राजांनाही दुर्मीळ असल्याचे सांगून त्याऐवजी काय वापरावे ते दिले आहे: जीवक-ऋषभकाच्या जागी विदारीकंद, ऋद्धी-वृद्धीच्या जागी वाराहीकंद. त्या काळच्या वैद्यांनी पर्याय सुचवला आणि रानाचा नाद सोडला, हा मला त्यांचा शहाणपणा वाटतो. आपण मात्र पर्याय हातात असतानाही रानातले मूळ औषध शोधत फिरतो. असो.

दुसरी ओढ औषधाच्या गुणाची. एकाच जातीची दोन ठिकाणची रोपे रसायनांत सारखी नसतात. डेंड्रोबियम नोबिलेतले डेंड्रोबिन असो की गॅस्ट्रोडिया या ऑर्किडातले गॅस्ट्रोडिन, प्रमाण ठिकाणाप्रमाणे, रोपाप्रमाणे, वयाप्रमाणे बदलते. त्यातला काही भाग माती-हवामानाचा, काही आत राहणाऱ्या बुरशीचा आणि काही जनुकांचा. यातला जनुकांचा भाग जेव्हा आपण एका बोंडावर आणून ठेवतो तेव्हा नेमके कोणते रसायन गमावले हे कळायलाही मार्ग उरत नाही. ज्या समूहाचे विश्लेषण झालेच नाही तो समूह खणून संपला तर औषधशास्त्राच्या दृष्टीने ते न वाचलेले पान फाडल्यासारखे आहे. तुमच्या योजनांचा पहिला परिच्छेद नेहमी 'या वनस्पतीचे औषधी महत्त्व' असा असतो. मग तिसऱ्या परिच्छेदात त्या महत्त्वाचा आधारच का निसटतो?

तुम्ही म्हणाल, बाजाराला एकसारखा माल लागतो. औषधात आज एक आणि उद्या दुसरे प्रमाण चालत नाही. मान्य. शेतात एकच उत्तम वाण लावा, त्याच्या प्रती करा, माझी हरकत नाही. उलट, शेतातला माल स्वस्त आणि खात्रीचा झाला तरच रानावरची कुऱ्हाड थोडी सैल होईल. पण शेतकऱ्यांचाही अनुभव बघा. चीनमध्ये तियान्मा म्हणून वापरले जाणारे गॅस्ट्रोडिया इलाटा हे अजब झाड आहे. पान नाही, हरितद्रव्य नाही. बी रुजते ते मायसिना गटातल्या बुरशीच्या जिवावर आणि कंद पोसला जातो आर्मिलेरियाच्या जिवावर. ही दुसरी बुरशी एरवी झाडे मारण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. लागवड सुरू झाली तेव्हा सोपा मार्ग म्हणून लहान कंदच पुन्हा पुन्हा लावले गेले. काही पिढ्यांत पीक खालावत गेले. शेवटी बी धरून, मायसिनावर रुजवून नवी पिढी आणण्याकडे वळावे लागले आणि वेगवेगळ्या रूपांचे संकरही केले गेले. नफ्यासाठी लावणाऱ्यांना जर बीकडे परतावे लागते, तर रानासाठी लावणाऱ्यांनी क्लोनवर का थांबावे?

शेत आणि रान यांत अंतर ठेवायची जबाबदारीही तुमचीच. मूळ समूहाच्या शेजारी, त्याच जंगलातल्या झाडांवर व्यापारी वाणाची हजारो रोपे बांधली जातात. कल्पना देखणी आहे: झाडाला झाड मिळते, माणसाला उत्पन्न मिळते. पण वीस रानटी रोपांच्या शेजारी वीस हजार एकसारखी रोपे फुलली तर त्या वीस जणींच्या बोंडांत कोणाचे पराग पडणार हे सांगायला तज्ज्ञ नको. रानटी समूह दिसायला वाढेल आणि आतून व्यापारी वाणात विरघळेल.

याच्या उलट टोकाची चूकही मी पाहिली आहे आणि ती माझ्यासारख्यांच्याच सल्ल्याने होते. 'विविधता हवी ना, मग दहा डोंगरांवरची रोपे एकत्र करा.' सगळ्या ऑर्किडांना हे चालत नाही. सालमपंजा ज्या डॅक्टिलोरायझा प्रजातीतला, तिच्यात ४० गुणसूत्रांची झाडे आहेत आणि ८० ची आहेत. त्यांचा संकर झाला तर मधलीच संख्या येते आणि अशी संतती बहुतेक वांझ. गुणसूत्रे न मोजता, मूळ समूहांचे एकमेकांशी नाते न तपासता केलेली सरमिसळ ही विविधतेच्या नावाखाली केलेली नसबंदी ठरू शकते. म्हणून जवळच्या, सारख्या उंचीवरच्या समूहांपासून सुरुवात करावी आणि लांबचे पराग आणायचे तर आधी छोट्या प्रमाणात संकर करून बी धरते का, रुजते का, ते पाहावे. दोन-तीन वर्षे जातील. ऑर्किडाच्या कामात दोन-तीन वर्षे म्हणजे काहीच नाही.

बुरशीवर मी इथे लांबण लावत नाही. तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. एवढेच म्हणते की साखरेवर वाढलेले रोप रानात तगले तरी त्याची बी तिथे रुजवणारी बुरशी त्या जागी आहे का, हे बघितल्याशिवाय जागा निवडू नये. जाळीच्या छोट्या पाकिटांत बी घालून ती जमिनीत पुरायची आणि काही महिन्यांनी उकरून पाहायची, ही तपासणी कोणत्याही विद्यार्थ्याला जमते.

आता कायद्याकडे बोट दाखवले जाईल. धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार १९७५ पासून लागू आहे आणि अख्खे ऑर्किड कुळ त्याच्या परिशिष्टांत आहे. पण तो करार व्यापाराचा आहे. कागदावर रोप 'रानातले' की 'कृत्रिमरीत्या वाढवलेले' हे कळते, कोणत्या समूहाचे हे कळत नाही. आणि परिशिष्ट दोनमधल्या ऑर्किडांची निर्जंतुक बाटलीतली रोपे तर बहुतेक नियमांतून सुटलेलीच आहेत. सीमेवरच्या अधिकाऱ्याकडून वंशावळीची अपेक्षा करता येत नाही. ती वहीत लिहायची, आणि वही तुमची.

डिसेंबर २०२२ मध्ये मान्य झालेल्या कुनमिंग-माँट्रियल जैवविविधता आराखड्याने मात्र तुमच्या टेबलावर एक मोजपट्टी ठेवली आहे. त्यात जातींच्या आतली जनुकीय विविधता टिकवणे हे उद्दिष्ट शब्दांत आहे आणि ते मोजायला एक निर्देशांकही ठरला आहे: एखाद्या जातीच्या किती समूहांची प्रभावी संख्या ५०० च्या वर आहे. प्रभावी म्हणजे डोकी मोजून येते ती नव्हे. पुढच्या पिढीत खरोखर वाटा उचलणारी. ढोबळ मानाने ती प्रत्यक्ष संख्येचा दहावा भाग धरतात, म्हणजे ५०० साठी पाच हजार प्रौढ झाडे. पाच हजार क्लोन लावले तर या पट्टीवर तुमची संख्या एक भरते. पुढच्या वेळी अहवालात आकडा ठळक करायचा असेल तर हा करा.

माझे मागणे फार मोठे नाही. प्रत्येक बाटलीवर मातृरोपाचा क्रमांक असावा, आणि त्या क्रमांकापुढे जागा, उंची, तारीख, बाप माहीत असल्यास बाप. नेमकी जागा लोकांसमोर छापू नका, चोर तिथे आधी पोचतील. पण बंद नोंदवहीत ती असलीच पाहिजे आणि ती वही व्यक्तीची नसून संस्थेची असावी. एका समूहातून निदान दहा-वीस झाडांची बोंडे घ्या, प्रत्येकावरची सगळी नाही, एखादेच; आणि रानात लावताना प्रत्येक आईची रोपे शक्यतो सारख्या संख्येने लावा. नाहीतर वीस आयांची नोंद करून शेवटी एकीचीच चारशे आणि बाकीच्यांची दोन-दोन लावली जातात. तेही मी पाहिले आहे. एका आईची वाळवलेली बी बोटाएवढ्या कुपीत मावते. तेवढी थंड कपाटात ठेवायला जागा नाही असे कोणी म्हणू नये.

समित्यांना वेगळी विनंती. रोपे लावल्याच्या वर्षी पूर्ण रक्कम देऊ नका. काही भाग मागे ठेवा आणि तो द्यायच्या वेळी एकच गोष्ट विचारा: कोणी न पेरलेले, आपोआप रुजलेले पहिले रोप दिसले का? भुईऑर्किडाला बीपासून फुलापर्यंत कित्येक वर्षे लागू शकतात, म्हणून मुदतही तशीच लांब ठेवावी लागेल. आणि जागेवर जाताना कंद काढणाऱ्यांपैकी एखाद्याला पगार देऊन बरोबर घ्या. कोणत्या उतारावर अजून चार झाडे उरली आहेत ते त्यालाच माहीत असते, आणि तुमच्या दहाव्या, अकराव्या, बाराव्या आईचा पत्ता बहुधा तोच सांगेल.

मी उल्लेख केलेली ती जुन्या रॅकवरची लाइन अजून वाढते आहे असे ऐकते. त्या प्रयोगशाळेला मी वेगळे पत्र पाठवले आहे: पंधरा बाटल्यांतले एकेक पान द्या, तपासणी मी करून देते. उत्तर आले की तुम्हा सर्वांना कळवीन.

आपली,
ऑर्किडांच्या जनुकांवर काम करणारी एक संशोधक